पाय एक, बटणं सहा

गणपतीचा सहावा दिवस, सोसायटीच्या मंडपातला कार्यक्रम. गाणं जुनंच, लोकांच्या तोंडपाठ असलेलं. दुसऱ्या अंतऱ्याआधी गिटारचा आठ बारचा पीस. गिटार माझ्याकडे. मुखडा संपता संपता मला पायाशी ठेवलेल्या पेडलांवर, म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या डब्यांवर, तीन गोष्टी करायच्या होत्या: कोरस (आवाज लहरता, दुहेरी करणारा) बंद, ड्राइव्ह (आवाज फाडणारा) चालू, डिले (पडसाद देणारा) चालू. पहिल्या दोन जमल्या. तिसऱ्या वेळी पाय डिलेऐवजी शेजारच्या, तारा सुरात लावायच्या ट्यूनरवर पडला. ट्यूनर चालू झाला की पुढे जाणारा आवाज पूर्ण बंद होतो, ते त्याचं कामच आहे. मी डोळे मिटून, मान मागे टाकून वाजवतोय आणि मंडपात फक्त ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड. मॉनिटरमध्ये, म्हणजे स्टेजवर आपल्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, माझं मला तसंही काही ऐकू येत नव्हतं, त्यामुळे दोन बार होईपर्यंत पत्ताच नाही. कार्यक्रमानंतर कीबोर्डवाला म्हणाला, "लोकांना वाटलं, तुला नुसती ॲक्टिंग करायला उभा केलाय."

त्या रात्री घरी आल्यावर पेडलबोर्ड, म्हणजे ही सगळी पेडलं बसवलेली फळी, उघडून बसलो. गिटारवाल्यांच्या गप्पांत कुठलं पेडल घ्यावं, कुठला ॲम्प भारी, यावर तासच्या तास जातात. चालू गाण्यात एका आवाजावरून दुसऱ्यावर जायचं कसं, यावर फारसं कुणी बोलत नाही. ते ज्याने त्याने स्टेजवर आपटून शिकायचं. खरं तर त्यातलं बरंचसं एका प्रश्नावर येऊन थांबतं: बटण दाबल्यावर आवाजाच्या वाटेत नक्की कुठे बदल होतो? हे डोक्यात बसलं की निम्मी बटणं दाबावीच लागत नाहीत.

आधी ही वाट बघू

तार हलली की तिच्याखालच्या पिकअपमध्ये, म्हणजे चुंबक आणि वायरच्या गुंडाळीत, अगदी बारीकसा सिग्नल तयार होतो. हळू वाजवलं तर काही दहा मिलिव्होल्ट, हंबकरवर (दोन गुंडाळ्यांच्या पिकअपवर) झोडपलं तर अर्ध्या व्होल्टच्या आसपास किंवा जरा जास्त. तो आधी पेडलांतून जातो, मग ॲम्पच्या प्रीॲम्पमध्ये. प्रीॲम्प सिग्नल मोठा करतो आणि बास, मिडल, ट्रेबल या खुंट्यांनी त्याला आकार देतो. त्यानंतर पॉवर ॲम्प, जो स्पीकर हलवण्याइतकी ताकद देतो. बऱ्याच ॲम्पमध्ये या दोघांच्या मधोमध मागच्या बाजूला दोन जॅक असतात, सेंड आणि रिटर्न. त्याला इफेक्ट्स लूप म्हणतात. प्रीॲम्पचं काम झालेला सिग्नल सेंडमधून बाहेर येतो, तुमच्या पेडलांतून फिरतो आणि रिटर्नमधून परत आत जातो.

डिस्टॉर्शन म्हणजे काय, तर तांब्या भरून सांडणं. सर्किटची एक मर्यादा असते. सिग्नल त्याहून मोठा झाला की त्याची टोकं कापली जातात आणि ती कापलेली टोकं आपल्याला खरखरीत, जाडसर ऐकू येतात. आता काठोकाठ भरलेल्या तांब्यात अजून पाणी ओतलं तर तांब्या काही मोठा होत नाही, फक्त जास्त सांडतं. हे वाक्य लक्षात ठेवा, सोलोच्या वेळी लागणार आहे.

चॅनेल आले कुठून

पन्नास-साठच्या दशकातल्या फेंडर ॲम्पवर नॉर्मल आणि व्हायब्रॅटो असे दोन चॅनेल, म्हणजे ॲम्पच्या आत आवाजाच्या दोन वेगळ्या वाटा, दिसतात. ते एका वादकाने पायाने बदलण्यासाठी नव्हतेच. प्रत्येकाला स्वतंत्र इनपुट होतं. एकात गिटार, दुसऱ्यात आणखी एखादं वाद्य किंवा चक्क माइक, असा सोयीचा हिशोब. साठच्या दशकातल्या मार्शलवर तर चार इनपुट असत आणि लोक वीतभर केबलने दोन चॅनेल एकमेकांना जोडून दोन्हींचा आवाज एकदम वापरत. एकाच ॲम्पमध्ये स्वच्छ आणि फाटका असे दोन आवाज ठेवायचे आणि पायाने त्यांत ये-जा करायची, ही सोय सत्तरच्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियाच्या मेसा बूगीने मार्क टू या ॲम्पमध्ये रुळवली. ऐंशीच्या दशकात मार्शलनेही जेसीएम ८०० मालिकेत दोन चॅनेलची मॉडेलं काढली.

चॅनेल बदलला की प्रीॲम्पचा रस्ताच बदलतो. गेन, म्हणजे सिग्नल किती मोठा करायचा ते, वेगळा, आवाजाची पातळी वेगळी, चांगल्या ॲम्पमध्ये बास-ट्रेबलही वेगळे. पेडल हे करू शकत नाही. ते फक्त वाटेत आधी काहीतरी मिसळतं, पुढचा रस्ता तोच राहतो. म्हणून ॲम्पचा स्वतःचा लीड, म्हणजे फाटक्या आवाजाचा, चॅनेल चांगला असेल तर तो वापरावा, त्याच्या पुढ्यात तीन-तीन डिस्टॉर्शन पेडल रचू नयेत. एक मेख मात्र आहे. स्वस्त ॲम्पमध्ये बऱ्याचदा दोन चॅनेलला मिळून एकच बास-ट्रेबल असतो. स्वच्छ आवाजाला छान वाटणारा ट्रेबल लीडवर गेल्यावर कानात टोचतो. अशा वेळी लीडच्या मापाने खुंट्या लावायच्या आणि स्वच्छ आवाजाची उणीव गिटारच्या टोननॉबने किंवा एखाद्या ईक्यू (बास-मिडल-ट्रेबल वरखाली करणाऱ्या) पेडलने भरून काढायची. उलटं करायला गेलात तर सोलोत पस्तावाल, आणि लोकांना आठवतो तो सोलोच.

आपल्याकडे भाड्याने येणाऱ्या बॅकलाइनमध्ये, म्हणजे स्टेजवरच्या ॲम्प-ड्रमच्या सामानात, हमखास दिसणारा ॲम्प म्हणजे रोलँडचा जेसी-१२०, १९७५ पासूनचा. यावरही दोन चॅनेल आहेत, म्हणून नवखी मुलं फूटस्विच, म्हणजे चॅनेल बदलायचं पायाचं बटण, शोधत बसतात. पण इथे जुनाच हिशोब आहे: प्रत्येक चॅनेलला आपापलं इनपुट. मागचे फूटस्विचचे जॅक आहेत ते रिव्हर्ब (हॉलसारखी घुमण), कोरस आणि डिस्टॉर्शन चालू-बंद करायला, चॅनेल बदलायला नव्हेत. दोन्ही चॅनेल पायाने वापरायचेच असतील तर मध्ये ए-बी बॉक्स लागतो, म्हणजे एक केबल आत, दोन बाहेर, बटणाने हा रस्ता किंवा तो. पण त्या भानगडीत पडू नये असं माझं मत. या ॲम्पचा स्वच्छ आवाज आणि त्याचा स्टीरिओ कोरस जगात नावाजलेला आहे आणि त्याच्या स्वतःच्या डिस्टॉर्शनला कुणीच नावाजत नाही. त्याला कोरी पाटी समजा आणि सगळं रंगकाम पेडलांनी करा.

फूटस्विच: छोटी डबी, मोठा घोळ

एकदा भाड्याचा चांगला दोन चॅनेलवाला ट्यूब ॲम्प, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा, आला आणि फूटस्विच गोडाऊनमध्येच राहिलं. "दादा, पुढच्या बटणाने बदला ना," असं ॲम्प सोडायला आलेला मुलगा म्हणाला. पुढचं बटण माझ्यापासून सहा फूट मागे, ड्रमच्या बाजूला. त्या दिवशी प्रत्येक पीसआधी मी वळून ॲम्पकडे जात होतो. कोपऱ्यातल्या आजींना वाटलं असेल, नमस्कार करतोय.

या फूटस्विचच्या आत जादू काही नाही. ॲम्पच्या जॅकमध्ये एक छोटं नियंत्रणाचं व्होल्टेज असतं. जॅकचं टोक आणि बाही, म्हणजे टिप आणि स्लीव्ह, एकमेकांना टेकली की ॲम्पच्या आतली रिले (विजेने हलणारा छोटा स्विच) किंवा इलेक्ट्रॉनिक स्विच चॅनेल पलटवतो. गिटारचा सिग्नल त्या केबलमधून जातच नाही. म्हणून ही केबल दहा मीटर लांब असली तरी आवाजाला काही होत नाही.

पण स्विच दोन जातींचे असतात. एक दाबला की दाबलेलाच राहतो, पुन्हा दाबेपर्यंत. याला लॅचिंग म्हणतात, घरातल्या दिव्याच्या बटणासारखा. दुसरा दाबला तेवढाच वेळ जोडतो, पाय काढला की सुटतो, डोअरबेलसारखा. त्याला मोमेंटरी म्हणतात. ॲम्पला लॅचिंग हवा असताना मोमेंटरी लावला तर पाय ठेवला आहे तोवर लीड, उचलला की क्लीन. उलट झालं तर दर दोन वेळा दाबल्यावर एकदाच काहीतरी होतं. "फूटस्विच बिघडलंय" म्हणून कपाटात पडलेली किती तरी फूटस्विच ठणठणीत असतात, ती चुकीच्या ॲम्पला लावलेली असतात एवढंच. त्यात काही ॲम्प एकाच जॅकवर दोन कामं घेतात, चॅनेल आणि रिव्हर्ब. तिथे स्टीरिओ जॅक, म्हणजे दोन काळ्या पट्ट्यांचा, लागतो. मोनो घातला की दुसरं काम कायमचं एकाच बाजूला अडकून बसतं.

एका चॅनेलसाठी साधं लॅचिंग फूटस्विच घरी बनवता येतं. एक धातूची डबी, एक पायाचा स्विच, एक मोनो जॅक, दोन वायरी. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं एका फेरीत मिळतं. सोल्डरिंग येत नसेल तर मोबाइल दुरुस्तीवाला चहाच्या गप्पांत करून देतो. आधी ॲम्पचं मॅन्युअल बघा, लॅचिंगच लागतो ना याची खात्री करा. आणि हे फक्त फूटस्विच लिहिलेल्या जॅकचं. स्पीकरच्या जॅकशी असे प्रयोग करू नयेत, ट्यूब ॲम्पचा ट्रान्सफॉर्मर जाळून घ्याल.

सोलोला आवाज वाढत का नाही

हा प्रश्न मला जितक्यांनी विचारला असेल तितका दुसरा कुठलाच नाही. "सर, बूस्टर घेतला, दाबला, तरी सोलोत मी ऐकूच येत नाही." बूस्टर म्हणजे सिग्नल मोठा करणारं पेडल.

तांब्या आठवा. ॲम्प आधीच लीड चॅनेलवर आहे, भरून सांडतोय. तुम्ही त्याच्या आधी बूस्ट लावलात. पाणी जास्त आलं, सांडलं जास्त, म्हणजे डिस्टॉर्शन वाढलं, सूर जास्त वेळ टिकला, पण पातळी तिथेच. उलट जास्त दाबलेला, म्हणजे लहान-मोठे सूर एकाच पातळीवर आलेला, सिग्नल ड्रम आणि कीबोर्डच्या गर्दीत आणखी मागे जातो. तोच बूस्ट उचलून इफेक्ट्स लूपमध्ये लावा. आता तो प्रीॲम्पनंतर आहे, सांडून झालेलं पाणी आता मोठ्या भांड्यात जातंय. दाबला की आवाजाचा पोत तोच राहतो आणि पातळी वाढते. पेडल एकच, जागा बदलली, काम बदललं.

किती वाढवायचं? तीन ते सहा डेसिबल पुरतात. तीन डेसिबल म्हणजे ॲम्पची ताकद दुप्पट, पण कानाला ते दुप्पट मोठं वाटत नाही, जरासं पुढे आल्यासारखं वाटतं. दुप्पट मोठं वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ताकद. एवढं वाढवलंत तर साउंडवाला मिक्सरवर तुमचा फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, खाली ओढणार, आणि तो बरोबरच करणार.

दुसरा उपाय म्हणजे ड्राइव्ह पेडलचा गेन जवळजवळ शून्यावर आणि लेव्हल वर. आयबानेझ कंपनीचा ट्यूब स्क्रीमर हा ड्राइव्ह लोक असाच वापरतात. तो खालचा बास छाटतो आणि मधला भाग उचलतो. गायकाचा आणि गिटारचा आवाज ज्या पट्ट्यात राहतो तोच तो मधला भाग. घरी एकट्याने ऐकलं तर हा आवाज नाकातून आल्यासारखा वाटतो आणि लोक पेडल परत विकतात. बँडमध्ये मात्र नेमका हाच आवाज सगळ्यांच्या वर तरंगतो.

डिलेचंही असंच. डिले डिस्टॉर्शनच्या आधी लावला तर मूळ सूर आणि त्याचे पडसाद सगळेच एकत्र फाटतात, गढूळ लगदा होतो. नंतर, म्हणजे लूपमध्ये लावला तर फाटलेल्या सुराचे स्वच्छ पडसाद येतात. कोरस, रिव्हर्बही तिथेच सुखी. वाह-वाह आणि ड्राइव्ह मात्र ॲम्पच्या आधी. फझ (अगदी खरखरीत डिस्टॉर्शनचं पेडल) असेल तर सगळ्यात आधी, गिटारला चिकटून. जुन्या धाटणीच्या फझ फेसला आपल्याआधी दुसरं पेडल आलेलं सहन होत नाही, आवाज कचकचीत होतो.

मधल्या मध्ये आवाज का बदलतो

काही गोष्टी बटण दाबल्यावर आपल्या मनात नसतानाही बदलतात. समजा तुमची सगळी पेडलं ट्रू बायपास आहेत, म्हणजे बंद असताना सिग्नल त्यांच्या आत न शिरता तारेतून सरळ पुढे जातो. ऐकायला शुद्ध वाटतं. पण मग गिटारपासून ॲम्पपर्यंतची सगळी केबल एकच लांब केबल होते. गिटारच्या केबलमध्ये दर मीटरमागे साधारण शंभर पिकोफॅरड कपॅसिटन्स असतो. सहा मीटर गिटारकडची, सहा मीटर ॲम्पकडची, म्हणजे बाराशे पिकोफॅरड, आणि पिकअपचा कमजोर सिग्नल ते ओझं ओढू शकत नाही. वरचे चमकदार सूर गळून पडतात. आता एखादं ड्राइव्ह चालू केलं की त्यातलं सर्किट सिग्नलला बळ देतं आणि आवाज एकदम उजळतो. तुम्हाला वाटतं ड्राइव्हमुळे ट्रेबल वाढला, खरं तर आधीच तो केबलमध्ये हरवला होता.

उपाय म्हणजे सुरुवातीला एक बफर, म्हणजे सिग्नलला बळ देणारं छोटं सर्किट. बॉस कंपनीची बहुतेक पेडलं बंद असतानाही सिग्नल बफरमधून पाठवतात. एरवी त्यासाठी नाकं मुरडली जातात, पण लांब केबलच्या स्टेजवर साखळीत एखादं बॉस असलं की काम भागतं. फझ असेल तर फक्त बॉस त्याच्या आधी नको.

दुसरी कटकट म्हणजे "टप्प" असा आवाज. ट्रू बायपास पेडलच्या आत-बाहेरच्या कपॅसिटरवर थोडं व्होल्टेज साचतं आणि स्विच जोडला की ते एकदम ॲम्पमध्ये उडी मारतं. नीट बनवलेल्या पेडलमध्ये ते जमिनीकडे वाहून न्यायला एक मोठा रेझिस्टर असतो. नसेल तर एक युक्ती: साउंडचेकच्या आधी, ॲम्प म्यूट असताना, प्रत्येक पेडल दोनदा चालू-बंद करून घ्यायचं. पहिल्या दाबण्यातला धक्का सगळ्यात मोठा असतो, तो लोकांना ऐकवायची गरज नाही.

पायाचा नाच

माझ्या फसलेल्या पीसकडे परत येऊ. गाण्याची लय मिनिटाला नव्वद ठोक्यांची. एक ठोका म्हणजे सेकंदाचा दोन तृतीयांश. मुखड्याचा शेवटचा शब्द संपला की पीस सुरू व्हायला माझ्याकडे एक ठोका होता, त्यात तीन बटणं. माणसाला दोन पाय असले तरी उभं राहायला एक लागतोच.

पहिली सुधारणा फुकटची: बोर्डवर पेडल कुठे ठेवायचं आणि सिग्नल कुठल्या क्रमाने जायचा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिग्नलचा क्रम केबलने ठरतो, जागा पायाने ठरवायची. बॉसचं एक पेडल ७३ मिलिमीटर रुंद असतं. दोन चिकटून ठेवली तर साडेचौदा सेंटिमीटर होतात, आणि बूट जरा आडवा टाकला की दोन्हींवर एकदम पडतो. मी कोरस आणि डिले असे चिकटवले, एका पायात कोरस बंद, डिले चालू. पाय पडायचा तो पेडलच्या खालच्या अर्ध्यावर. वरच्या नॉबवर टाच पडली तर पुढच्या गाण्यात डिलेचा वेळच बदललेला सापडतो. ट्यूनर गेला डाव्या वरच्या कोपऱ्यात, जिथे चुकूनही पाय जात नाही.

दुसरी सुधारणा तर पायाचीच नाही. ड्राइव्ह कायम चालू ठेवायचा आणि गिटारचा व्हॉल्यूम नॉब पाच-सहावर. सिग्नल लहान झाला, तांब्या भरत नाही, आवाज जवळजवळ स्वच्छ. पीस आला की करंगळीने नॉब दहावर, आवाज फाटला. बटण शून्य. पेडल स्विच यायच्या आधीपासूनचा हा चॅनेल स्विच आहे आणि आजही सगळ्यात वेगवान तोच. नॉब खाली आणल्यावर आवाज गढूळ होत असेल तर कुठल्याही गिटार दुरुस्तीवाल्याकडून व्हॉल्यूम पॉटवर (नॉबखालच्या भागावर) ट्रेबल ब्लीड बसवून घ्या, एक छोटा कपॅसिटर, कधी त्याच्याबरोबर रेझिस्टर. खर्च नाममात्र.

या दोन गोष्टींनी माझी तीन बटणं एकावर आली. चाळीस गाण्यांचा कार्यक्रम असेल आणि प्रत्येकात वेगळा आवाज हवा असेल तर मात्र लूप स्विचर लागतो. ही कल्पना नवी नाही. ऐंशीच्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये बॉब ब्रॅडशॉ मोठ्या गिटारवाल्यांसाठी अशाच यंत्रणा बांधायचा. सगळी पेडलं मागे कपाटाएवढ्या रॅकमध्ये, पायाशी फक्त बटणांची पट्टी. आज तीच गोष्ट बोर्डवर मावते. प्रत्येक पेडल स्विचरच्या एका लूपला जोडायचं आणि कायम चालू ठेवायचं. कुठलं पेडल वाटेत घ्यायचं आणि कुठलं वगळायचं हे स्विचरच्या रिले ठरवतात. पहिलं बटण मुखडा: कोरस आत, बाकी बाहेर. दुसरं बटण पीस: कोरस बाहेर, ड्राइव्ह आणि डिले आत, शिवाय ॲम्प लीड चॅनेलवर, कारण बऱ्याच स्विचरना ॲम्पच्या फूटस्विच जॅकमध्ये जाणारी केबलही असते. सगळं एका पायात, एका क्षणात.

डिजिटल डिले किंवा मोठ्या ॲम्पला आवाज बदलायला मिडीने सांगता येतं. मिडी म्हणजे १९८३ सालची, यंत्रांनी एकमेकांशी बोलायची भाषा. सोळा चॅनेल, प्रत्येकी १२८ प्रोग्रॅम, म्हणजे साठवलेले आवाज. प्रोग्रॅम बदलाचा संदेश दोन बाइटचा, सेकंदाला ३१,२५० बिटच्या वेगाने जातो, म्हणजे एका मिलिसेकंदाच्या आत पोचतो. उशीर होतो तो केबलमध्ये नाही, पुढच्या यंत्राला नवा आवाज भरायला लागणाऱ्या वेळात. आणि एक खास मिडी-मनस्ताप: काही यंत्रं शून्यापासून मोजतात, काही एकापासून. तुम्ही पाठवता पाच, तिकडे चालू होतो सहा. अख्खी दुपार जाते हे कळायला. ते कळलं की हसू येतं, मग रडू.

डिले घेताना एक गोष्ट तपासा: बंद केल्यावर आधीचे पडसाद विरत जातात की कात्रीने कापल्यासारखे तुटतात. पहिल्या प्रकाराला स्पिलओव्हर किंवा ट्रेल्स म्हणतात. पीसच्या शेवटच्या सुरावर डिले बंद केला आणि पडसाद तुटले तर ते मंडपातल्या शेवटच्या रांगेलाही जाणवतं. पण हे पेडलमध्ये असून भागत नाही. डिले स्विचरच्या लूपमध्ये असेल तर लूप बंद होताच शेपूट तुटतंच, पेडल कितीही महागाचं असो. म्हणून डिले लूपबाहेर, स्विचरनंतर ठेवून मिडीने चालू-बंद करणं बरं.

मल्टि इफेक्ट प्रोसेसरवाल्यांसाठी, म्हणजे ज्यांची सगळी पेडलं एकाच डिजिटल डब्यात आहेत त्यांच्यासाठी, थोडक्यात: प्रीसेट (साठवलेली मांडणी) बदलू नका, एकाच प्रीसेटमधले सीन किंवा स्नॅपशॉट बदला. प्रीसेट बदलताना यंत्र सगळं नव्याने मांडतं आणि क्षणभर आवाज जातो. सीनमध्ये तीच मांडणी असते, फक्त खुंट्या फिरतात.

चार केबल आणि एक अर्थिंग

ड्राइव्ह ॲम्पच्या आधी, डिले लूपमध्ये, आणि दोन्ही एकाच बोर्डवर. यासाठी बोर्ड आणि ॲम्पमध्ये चार केबलची वाट होते: गिटार ते बोर्ड, बोर्ड ते ॲम्पचं इनपुट, सेंड ते बोर्ड, बोर्ड ते रिटर्न. बहुतेक जण पहिल्यांदा हे जोडतात आणि ॲम्प घोंघावायला लागतो. कारण बोर्ड आणि ॲम्प आता दोन-तीन वाटांनी जमिनीला जोडलेले आहेत आणि त्या वाटांच्या वेटोळ्यात आपली पन्नास हर्ट्‌झची वीज गुणगुणते. पॉवर सप्लाय आयसोलेटेड हवा, म्हणजे प्रत्येक पेडलला स्वतंत्र वाट. एकाच अडॅप्टरला माळ लावून सगळी पेडलं चालवली की गुणगुण ठरलेली. त्यात ॲनालॉग ड्राइव्हला काही मिलिॲम्पिअर पुरतात, डिजिटल डिलेला शंभर ते तीनशे लागू शकतात. कमी पडले की तो मध्येच बंद-चालू होतो आणि आपण बिचाऱ्या पेडलला शिव्या घालतो.

गुणगुण घालवायला प्लगची अर्थची पिन मोडणारा एक तरी महाभाग प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. हे कधीही करू नका. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सीत स्टोन द क्रोज बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी याने अर्थिंग नसलेल्या माइकला हात लावला आणि विजेच्या धक्क्याने तो स्टेजवरच गेला. मंडपात तर ओली माती, जनरेटर आणि दहा जोड दिलेल्या वायरी असतात. तारांना हात आणि ओठ माइकला, एवढं पुरेसं आहे. गुणगुण सिग्नलच्या केबलमध्ये लावलेल्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरने जाते, पिन मोडून नाही. ॲम्प, बोर्ड आणि जमलं तर माइकचा मिक्सर एकाच पॉइंटवरून घ्या आणि त्या पॉइंटला अर्थिंग आहे का ते मंडळाच्या वायरमनकडून समोर उभं राहून तपासून घ्या. त्याला राग येतो. येऊ दे.

पातळी मंडपातच लावा

घरी बेडरूममध्ये जुळवलेले आवाज स्टेजवर हमखास फसतात. हळू आवाजात कानाला बास कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं होतं. म्हणून घरी आपण बास वाढवतो, आणि स्टेजवर तोच बास बासगिटारच्या अंगावर जातो. शिवाय डिस्टॉर्शन दाबलेलं असल्यामुळे हळू वाजवलं तर ते स्वच्छ आवाजाहून मोठं वाटतं, आणि जोरात वाजवलं की लहान. दोन आवाजांची पातळी खऱ्या जोरात, बँड चालू असताना, साउंडवाल्याला मधोमध उभं करून लावायची. मी दरवेळी हेच विचारतो: "दादा, हा आणि हा, कुठला मागे जातोय?" त्याचं उत्तर माझ्या कानाहून खरं.

मग सगळ्या नॉबच्या जागा पांढऱ्या मार्करने खुणा करून ठेवायच्या. आणि घरी सराव करताना पायात चप्पल नको, कार्यक्रमाला घालणार तेच बूट. अनवाणी पायाला मधलं अंतर बरोबर कळतं, जाड सोलच्या बुटाला कळत नाही. पाय ठोक्यावर टाकू नका, त्याच्या आधीच्या अर्ध्या ठोक्यावर टाका, म्हणजे मुखड्याच्या शेवटच्या अक्षराच्या विरामात. स्विच दाबण्याआधी पाय उचलायलाही वेळ लागतो, तो सरावात धरावा लागतो. मी आता गिटारविना, नुसतं गाणं लावून पायाची तालीम करतो. बायको म्हणते, शेजाऱ्यांना वाटतं आपल्याकडे भांडण चाललंय.

गेल्या वर्षी त्याच मंडपात तेच गाणं वाजवलं. पीस बरोबर आला. शेवटच्या गाण्यानंतर तारा तपासायला ट्यूनर दाबला आणि आवाज गेला. कीबोर्डवाला लगेच वळून बघायला लागला.